डाउट आणि सस्पेक्ट यातला फरक नक्की कसा ओळखायचा?

ओतीव_बीड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहायला बसलो. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, बाहेरदेशच्या कस्टमरचे मेल माझ्याकडंच असतात. मागं एक कंटेनर पाठवला आणि तो बंदराकडं निघाल्यावर आमच्या लक्षात आलं की त्या दिवशी वाळूतली ओल चार टक्क्यांच्या वर गेलेली, म्हणजे एका हीटच्या (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या) वीस पीसमध्ये आत बारीक छिद्रं, म्हणजे पोरोसिटी, असणार. मी त्याच दिवशी मेल टाकला, ‘वी डाउट पोरोसिटी इन दीज ट्वेंटी पीसेस.’ मनात सरळ होतं, आम्हाला शंका आहे, तेवढे बाजूला ठेवा. तिकडनं उत्तर आलं, थँक्यू फॉर द कन्फर्मेशन. मला वाटलं झालं काम.

माल पोचल्यावर त्यांनी ते वीसच्या वीस मशीनवर चढवले. अकरा पीसमध्ये ड्रिल मारताना भोकं उघडी पडली. आता त्यांचं म्हणणं असं की तुम्हीच लेखी दिलंय, पोरोसिटी असेल असं तुम्हाला वाटत नाही म्हणून. मी डिक्शनरी उघडून बघितली तर डाउट म्हणजे शंका, सस्पेक्ट म्हणजे पण शंका, संशय. मग फरक काय राहिला? दोन रात्री झोप नाही. मी लपवायला नाही, सांगायलाच मेल लिहिलेला हो. कुणीतरी नीट समजावून सांगा, आणि असे अजून कुठले शब्द असतील तर ते पण सांगा, म्हणजे परत असं व्हायला नको.

तांबडा_पांढरा
बाप रे. एका शब्दात अकरा पीस गेले. आम्ही तर शाळेपासून ‘सर, एक डाउट आहे’ म्हणत आलोय.

पुणेरी_पाहुणा
तुमची तळमळ पोचली. आधी एक विचारतो, तुम्ही दादा का ताई? म्हणजे उत्तर लिहायला बरं.

ओतीव_बीड
ताई. आमच्याकडं बायका पण आलो, गेलो, बसलो असंच बोलतात. पुण्याला शिकायला होतो तेव्हा पण सगळे हेच विचारायचे :)

मास्तरीण
बाळ, आधी शांत झोप. तू प्रामाणिकपणे कळवलंस, हे कुणी नाकारू शकत नाही. मी चौतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आणि ही चूक मी शेकडो वह्यांत तपासली आहे. तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून ती होत नाही. आपली शंका दोन्ही बाजूंनी चालते आणि इंग्रजीत त्या दोन बाजूंना दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून होते.

मराठीतच बघ. ‘पाऊस येईल का, शंका आहे.’ इथे बोलणाऱ्याला वाटतंय की येणार नाही. ‘पाऊस येईल अशी शंका आहे.’ इथे वाटतंय की येणार. शब्द तोच, अर्थ उलटा, आणि सगळं काम त्या ‘का’ नं आणि ‘अशी’ नं केलं. वाक्यात ‘का’ किंवा ‘की नाही’ बसत असेल तर डाउट, ‘अशी’ बसत असेल तर सस्पेक्ट. इंग्रजीत डाउटनंतर व्हेदर नाहीतर इफ येतं ते याचसाठी, तो आपला ‘का’ च आहे. तुझ्या मनात होतं ‘पोरोसिटी आहे अशी शंका’, म्हणजे सस्पेक्ट.

मुलांना अजून एक सांगायची. शंका विचारतात, संशय घेतात. डाउट विचारण्यातला, सस्पेक्ट घेण्यातला.

तांबडा_पांढरा
मॅडम, का आणि अशी! आयुष्यात पहिल्यांदा डोक्यात शिरलं. नाद खुळा.

पुणेरी_पाहुणा
शब्दांची मुळं बघितली तरी हेच दिसतं. डाउट लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, त्याच्या मुळाशी ‘दोन’ आहे, म्हणजे आपल्या द्विधा मधला द्वि आणि तो एकाच घरचे. मन दोन वाटांवर उभं आहे. स्पेलिंगमधला मुका बी मागाहून पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून घातला, आधी तो नव्हताच. सस्पेक्टच्या मुळाशी बघणं आहे, खालून वर, तिरक्या नजरेनं बघणं. संस्कृतात हेराला स्पश म्हणतात, तो स्पश आणि सस्पेक्टमधला स्पेक्ट सख्खे. म्हणजे डाउटवाला अजून ठरवतोय, सस्पेक्टवाल्याची नजर कशावर तरी पडलेली आहे.

उद्यमनगर
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझं मशीन शॉप आहे, पंचवीस वर्षं झाली. ताई, तुम्ही ‘वी सस्पेक्ट’ लिहिलं असतं तरी त्यांनी पीस चढवलेच नसते याची गॅरंटी काय? मेलात तुमचं मत होतं, काय करायचं ते नव्हतं. हीट नंबर टाकायचा, पीस वापरू नका म्हणायचं, तपासून कधी कळवतो ते लिहायचं. ‘प्लीज होल्ड’ एवढे दोन शब्द असते तर डाउट का सस्पेक्ट हा प्रश्नच आला नसता.

मास्तरीण
उद्यमनगर, तुमचं होल्डचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण शब्दाचा प्रश्न आलाच नसता हे नाही पटत. ‘पोरोसिटी नसावी असं वाटतं, तरी पीस थांबवा’ असं वाचून समोरचा गोंधळलाच असता, आणि गोंधळलेला माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच वाचतो. दोन्ही बरोबर पाहिजे.

उद्यमनगर
मान्य मॅडम. मग माझं पण एक सांगतो, रिवर्क आणि रिपेअर. आम्हाला दोन्ही ‘दुरुस्ती’. एकदा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, कमी मापाचा झालेला, परत मशीनवर घेऊन ड्रॉइंगच्या मापाला आणला, रिवर्क लिहिलं, कुणी काही बोललं नाही. पुढच्या खेपेला एका पीसला छोटं भोक होतं, वेल्डिंगनं भरून ग्राइंड केलं आणि परत रिवर्कच लिहिलं. केवढा दंगा! कारण रिवर्क म्हणजे पीस पुन्हा ड्रॉइंगला तंतोतंत जुळला. रिपेअर म्हणजे कामाला चालेल असा केला पण ड्रॉइंगप्रमाणे झालाच असं नाही. आयएसओ ९००० या क्वालिटीच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्हीची वेगळी व्याख्या आहे. आणि रिपेअर करायचं तर बहुतेक कस्टमरना आधी विचारावं लागतं. मी विचारलं नव्हतं. त्यांच्या लेखी मी लपवलं.

तसंच करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन. ताईंनी वीस पीस वेगळे काढायला सांगणं हे करेक्शन. वाळूतली ओल दर तासाला मोजायची, चारच्या वर गेली की मोल्डिंग थांबवायचं, ही करेक्टिव्ह ॲक्शन. पहिल्यात झालेलं निस्तरायचं, दुसऱ्यात कारण मारायचं. रिपोर्टात लोकं दोन्ही रकान्यांत एकच वाक्य चिकटवतात.

ओतीव_बीड
दादा तुम्ही आमचा रिपोर्ट बघितलाय का काय. दोन्ही रकान्यांत एकच वाक्य आहे. आजच बदलतो.

काहील
आमचं गुऱ्हाळ आहे. इंग्रजीचा आणि माझा संबंध पावतीपुरता, पण हा धागा वाचून राहवंना. आम्ही काकवीच्या बाटल्या भरून शहरात विकतो, चार वर्षांमागं एकानं बाहेर पाठवायच्या म्हणून लेबल करून दिलं, त्यावर काकवीला लिहिलं मोलॅसिस. डिक्शनरीत तसंच असतंय म्हणं. आता मोलॅसिस म्हणजे मळी हो! साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जे काळं, कडवट उरतंय ती मळी, डिस्टिलरीला जाती. काकवीतनं आम्ही काय बी काढत न्हाई. उसाचा रस काहिलीत घालायचा, भेंडीच्या चिकानं मळी वर आणून काढायची, आणि साधारण १०५ अंशाला आधण आलं की उतरली तर काकवी, तसंच पुढं ११८ च्या आसपास नेलं तर गूळ. म्हंजे काकवी गुळाची धाकटी भण आहे. मळी कारखान्याचं उरलंसुरलं. एका बाईनं बाटली उघडून कळवलं, की चांगली आहे पण ही मोलॅसिस न्हाई, आणि पैसे परत मागितले. बरोबर होतं तिचं.

तांबडा_पांढरा
काका पण तुम्ही स्वतःच म्हणताय ना की भेंडी घालून मळी काढायची. मग मळी दोन झाल्या की.

काहील
व्हय, ते बी खरं. रसावरची घाण ती बी मळीच, कारखान्यातली बी मळीच. आम्हाला बोलताना कळतंय कुठली ती. इंग्रजीत वरच्या घाणीला स्कम म्हणतात असं पोरगं सांगतंय.

मास्तरीण
बरोबर सांगतोय मुलगा. आणि काकवीला लिक्विड जॅगरी लिहा, नाहीतर केन सिरप.

जॅगरीची गंमत सांगते. आपल्या शर्करेपासून दक्षिणेकडच्या भाषांत जो शब्द झाला तो पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजीत जॅगरी आला. तीच शर्करा फारसीत शकर, अरबीत सुक्कर होत युरोपात गेली आणि शुगर झाली. कँडी म्हणजे आपली खांड, तीही फारसी-अरबीतून फिरून गेली. गूळ, साखर, खडीसाखर तिघंही इथूनच गेले आणि तिकडे जाऊन इंग्रजी शब्द झाले. आणि आपण आज काकवीला इंग्रजीत काय म्हणायचं ते विचारतोय.

काहील
मॅडम हे मी गुऱ्हाळावर सगळ्यांस्नी वाचून दाखवलं. गुळव्या म्हणला, मग आपलाच शब्द हाय म्हणायचा, वापरा बिनधास्त.

पायताणवाला
आमच्यात पण आहे. हाईड आणि स्किन. मराठीत दोन्ही कातडं. चामड्याच्या धंद्यात म्हैस, बैल अशा मोठ्या जनावराचं ते हाईड, शेळी-मेंढीचं ते स्किन. कोल्हापुरी पायताणाचा तळ जाड कातड्याचा, वेणी शेळीच्या पातळ कातड्याची, म्हणजे एकाच जोडात हाईड पण आलं आणि स्किन पण आलं. कॅटलॉगमध्ये सगळीकडं स्किन लिहिलेलं बघून एका गिऱ्हाईकानं विचारलं, तळ इतका जाड कसा?

दुसरं म्हणजे व्हेजिटेबल टॅन्ड. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून बाहेरची विचारपूस वाढली, आणि आपलीच माणसं विचारतात, व्हेजिटेबल म्हणजे कातडं नसलेलं का? नाही हो. बाभळीची साल, हिरडा यात कातडं कमावतात, रसायनात नाही, म्हणून व्हेजिटेबल. कातडं ते कातडंच. उपास करणाऱ्या माणसाला ‘व्हेज’ म्हणून विकलं तर ती फसवणूक, मी दुकानातल्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवतो. आणि कोल्हापुरीला स्लिपर लिहू नका कुणी. तिकडं स्लिपर म्हणजे घरात घालायची मऊ सपाता, आपल्याकडं रबरी. आपलं पायताण दोन्हीत बसत नाही. सँडल चालतं, पण मी तर सरळ चप्पलच लिहितो, तो शब्द पण गेलाय आता इंग्रजी डिक्शनरीत.

प्रयागकाठ
विषय भरकटतोय का माहिती नाही पण मला लिहायचंय. २०१९ चा पूर आला तेव्हा आमचा भाचा कतारला होता. त्याला कुणीतरी इंग्रजी मेसेज पाठवला, अमुक इतके डॅम सबमर्ज झाले. पोरगं तिकडं रडायला लागलं. धरण पाण्याखाली गेलं म्हणजे जग बुडालं की. मूळ बातमी मराठीत काय होती, इतके बंधारे पाण्याखाली गेले. बंधारा तर पावसाळ्यात पाण्याखाली जायलाच बांधलेला असतो. बंधाऱ्याला विअर म्हणतात, डॅम नाही. डॅम पाणी उंच अडवून साठवतं, विअर ठेंगणा, पाणी त्याच्या डोक्यावरनं जातं. आपला जो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे तो तर सगळ्या महाराष्ट्रात के. टी. विअर म्हणूनच ओळखला जातो, त्यातला के आपल्या गावाचा. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, पाऊस यायच्या आधी काढायचे. तो बुडाला तर वाहतूक बंद होते एवढंच. पण राधानगरीला डॅमच म्हणायचं.

त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं, फॅमिलीज मायग्रेटेड. स्थलांतराचं मायग्रेशन! आम्ही काय गाव सोडून कायमचे गेलेलो का. पाणी यायच्या आधी हलवलं तर इव्हॅक्युएट, पाण्यात अडकल्यावर काढलं तर रेस्क्यू. शेजारचे इव्हॅक्युएट झालेले. आम्ही ऐकलं नाही, माडीवर राहिलो, आम्हाला बोटीनं रेस्क्यू केलं. या दोन शब्दांतला फरक मी अंगावर घेतलाय, आई तेव्हा ब्याऐंशीची होती.

ओतीव_बीड
काका, अंगावर काटा आला वाचून. अजिबात भरकटलं नाही, असंच सगळं पाहिजे होतं मला.

पुणेरी_पाहुणा
आईंना नमस्कार सांगा. याच्याच जवळचे वॉच, अलर्ट, वॉर्निंग. हवामान खात्याचे रंग तेच सांगतात, पिवळा म्हणजे वॉच, लक्ष ठेवा. केशरी अलर्ट, तयारीत राहा. लाल वॉर्निंग, आता हालचाल करा. आपल्या बातम्यांत तिन्हींना ‘इशारा’ म्हणून मोकळे होतात, मग पिवळ्यालाही लोक घाबरतात आणि लालकडेही दुर्लक्ष करतात.

प्रयागकाठ
आमच्याकडं त्याहून सोपं आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी. इंग्रजीत वॉर्निंग लेव्हल आणि डेंजर लेव्हल. पण नदीकाठच्या माणसासाठी ३९ लाच काम सुरू होतं, जनावरं पहिली हलवायची. ४३ ची वाट बघणाऱ्याची म्हैस दाव्याला राहते. २०१९ नंतर आम्ही ३९ ला निघतो, २०२१ ला तसंच केलं, सगळे नीट होतो.

अनिवासी_करवीर
मी मूळचा मंगळवार पेठेतला, आता अकरा वर्षं स्कॉटलंडला. धागा आज दिसला. मूळ प्रश्नाकडं येतो, कारण इथं आल्या आल्या मला उलटा धक्का बसलेला. शेजारच्या आजी सकाळी खिडकीतनं बघून म्हणाल्या, ‘आय डाउट इट्स गोइंग टू रेन.’ मी शाळेत शिकलेलं इंग्रजी लावलं, म्हणजे पाऊस नाही, आणि छत्री न घेता गेलो. चिंब. मग कळलं की स्कॉटलंडात जुन्या बोलीत आय डाउट म्हणजे ‘मला भीती आहे की असंच होणार’. म्हणजे ओतीव_बीड ताई, तुम्ही ज्या अर्थानं लिहिलंत अगदी त्याच अर्थानं. जुन्या इंग्रजीत डाउटला भिणं, धास्ती असणं हा अर्थ होताच, पुढं प्रमाण इंग्रजीतनं गेला, इथं राहिला.

मास्तरीण
हे मला माहीत होतं पण या प्रसंगाला जोडून कधी सुचलं नाही. जुन्या लेखनात तो अर्थ मी वाचला आहे. चौतीस वर्षं ज्यावर लाल रेघ मारली ते कुठल्यातरी आजींच्या तोंडी अस्सल आहे, हे वाचून फार बरं वाटलं. तरी बाळ, मेलात सस्पेक्टच लिही. वाचणारा कुठला आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

तांबडा_पांढरा
ताई, तुमचा कस्टमर स्कॉटलंडचा असता तर एक पीस वाया गेला नसता!

उद्यमनगर
हीट नंबर आणि होल्ड असतं तरी गेला नसता. मी माझं सोडणार नाही.

पायताणवाला
मग वर्गात जे ‘डाउट क्लिअर करणं’ चालतं त्याचं काय? ते चूक का?

मास्तरीण
आपल्या आपल्यात चूक म्हणणार नाही, सगळ्या देशाला कळतं ते. बाहेरच्याशी बोलताना मात्र क्वेश्चन म्हणावं. परदेशी शिक्षकाला ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की त्याला वाटतं, या मुलाचा मी शिकवलेल्यावर विश्वास नाही.

ओतीव_बीड
आज तिसऱ्या दिवशी लिहितोय, कारण आधी मेल लिहिला, मग साहेबांना दाखवला, मग पाठवला, मग उत्तराची वाट बघितली. त्यात तीन गोष्टी लिहिल्या. आमच्या इंग्रजीत डाउट कुठल्या अर्थानं येतो ते एका परिच्छेदात सांगितलं, मास्तरीण मॅडमचा का आणि अशी तसा इंग्रजीत सांगता येत नव्हता म्हणून दोन्ही वाक्यांचा अर्थ लिहून दाखवला. करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन वेगळी केली. आणि इथून पुढं असा मेल गेला तर विषयाच्या ओळीतच होल्ड आणि हीट नंबर असेल असं कळवलं. नमुना पण जोडला, ‘वी सस्पेक्ट पोरोसिटी. प्लीज होल्ड दीज पीसेस अंटिल वी कन्फर्म.’

उत्तर आलं. अकरा पीसचे पैसे आम्हालाच सोसावे लागणार, ते साहेबांनी मान्य केलं. पण लपवल्याचा जो ठपका होता तो त्यांनी लेखी मागं घेतला. मला तेच पाहिजे होतं.

काहील
लई बरं झालं पोरी. आम्ही बी नवीन लेबल छापतोय, लिक्विड जॅगरी. छापायच्या आधी हितं टाकतो, मॅडमनी एकदा नजर घालावी.

उद्यमनगर
छान झालं. ते राहिलेले नऊ पीस रिजेक्ट लिहिलेत का स्क्रॅप? रिजेक्ट म्हणजे नाकारला, अजून वाचू शकतो. स्क्रॅप म्हणजे भट्टीत.

ओतीव_बीड
नऊ तिकडं अल्ट्रासॉनिक लावून तपासले, स्वच्छ निघाले, ॲक्सेप्ट झाले. अकरा स्क्रॅप. आणि दादा, ओलीचं मीटर आज मोल्डिंगच्या जागेवरच बसवून घेतलं, सकाळपासून तीन पूर्णांक दोनवर आहे.